आकाशातील खरखर आणि हौशी श्रोते

वैशाख सरत आला आणि उन्हे कलता कलता क्षितिजावर वळवाचे ढग जमू लागले, की मध्यमलहरींवर लावलेल्या रेडिओत एक विशिष्ट खरखर सुरू होते. ढग अद्याप आपल्या गावावर आलेला नसतो, गडगडाटही कानी पडलेला नसतो. परंतु गाणे चालू असता मध्येच कोणी कोरे कापड टरकावावे तसा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. घरातील वडील मंडळी त्यावरून पावसाचे निदान करीत, आणि ते पुष्कळदा खरेही ठरे. या खरखरीला बिनतारी विद्येच्या परिभाषेत 'स्टॅटिक' म्हणतात. ही विद्या जन्मली तेव्हापासून ती तिच्या पाठीस लागलेली आहे. तिला आवरण्यासाठी जे प्रयत्न झाले, आणि त्यांत नोकरीपेशाच्या तज्ज्ञांइतकाच हौशी लोकांनी जो वाटा उचलला, त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे. ही हकीकत मुख्यतः दीर्घलहरींची, म्हणजे कमी कंपनसंख्येच्या प्रदेशाची आहे. कारण खरखरीचे खरे राज्य तेथे चालते.

तेथेच का, हे आधी थोडक्यात पाहू. वीज चमकते म्हणजे क्षणार्धात प्रचंड प्रवाह वाहून जातो, आणि तो प्रवाह हेच एक अवाढव्य प्रक्षेपण होय. त्याची शक्ती सर्व लहरींवर सारखी वाटली जात नाही. ती काही किलोहर्ट्झच्या आसपास सर्वांत अधिक असते आणि कंपनसंख्या वाढत जाईल तशी उतरत जाते. शिवाय दीर्घलहरी जमीन आणि आयनांबर यांच्या मधल्या पोकळीतून हजारो मैल फारशा न थकता प्रवास करतात. पृथ्वीवर दर सेकंदास सरासरी सुमारे ४५ विजा चमकतात, असा उपग्रहांवरून केलेल्या मोजणीचा अंदाज आहे, आणि त्यांपैकी बहुतेक उष्ण कटिबंधातील भूमीवर. तेव्हा लंडनमध्ये दीर्घलहरी ऐकत बसलेल्या मनुष्याच्या डोक्यावर आकाश निरभ्र असले, तरी आफ्रिकेतील मेघगर्जना त्याच्या कानात उतरल्यावाचून राहत नाही.

येथे इतिहासाचा एक विनोद सांगण्यासारखा आहे. आज जिला शत्रू म्हणतो, तिच्या स्वागतासाठीच एक अगदी आरंभीचे ग्राहकयंत्र सिद्ध झाले होते. रशियातील अलेक्झांडर पोपॉव्ह यांनी १८९५ च्या मे महिन्यात सेंट पीटर्सबर्ग येथील विद्वत्सभेपुढे आपले यंत्र दाखविले, आणि त्याच वर्षी तेथील वनविद्यालयात वादळाची वर्दी नोंदविण्यासाठी तसले एक यंत्र बसविण्यात आले. दूरवर वीज चमकली की यंत्रास कळे व कागदावर खूण उमटे. बोलणारे दुसरे कोणी अद्याप आकाशात नव्हते, म्हणून विजेचे बोलणे हाच संदेश होता.

सहा वर्षांतच परिस्थिती उलटली. १२ डिसेंबर १९०१ या दिवशी न्यूफाउंडलंडमधील सिग्नल हिल या टेकडीवर मार्कोनी कानाला टेलिफोनचे श्रवणयंत्र लावून बसले होते. वादळी वाऱ्यात पतंगाच्या आधाराने तार वर चढविली होती. पलीकडे, सुमारे ३५०० किलोमीटरवर, इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील पोल्ढू येथून ठरल्याप्रमाणे मोर्स लिपीतील 'एस' हे अक्षर, म्हणजे तीन टिंबे, एकसारखी पाठविली जात होती. दुपारी मार्कोनींना ती ऐकू आली. त्यांनी श्रवणयंत्र आपला सहायक केम्प याच्या हाती दिले, आणि त्यालाही ती ऐकू आली. जगाला ही वार्ता कळली व मार्कोनींचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु पुरावा म्हणाल तर दोन माणसांचे कान, एवढाच. आणि अक्षर कोणते? तीन तुटक टिंबे! आकाशातील खरखर ज्याची नक्कल सर्वांत सहज करू शकेल, नेमके तेच. ऐकिले ते पोल्ढूचे प्रक्षेपण की विजेचे कडकडणे, हा वाद आजतागायत मिटलेला नाही. मार्कोनींच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण जो मनुष्य तीन टिंबे ऐकण्याची आस धरून बसला आहे, त्याला खरखरीतून तीन टिंबे ऐकू येणे अशक्य नसते. त्यांना स्वतःलाही पुराव्याची उणीव जाणवली असावी. कारण पुढच्याच फेब्रुवारीत 'फिलाडेल्फिया' या जहाजावर त्यांनी कागदाच्या फितीवर नोंद करणारे यंत्र बसविले. त्या सफरीत रात्री पूर्ण संदेश १५०० मैलांच्या पलीकडे उमटले. दिवसा मात्र ७०० मैलांनंतर सारे शांत झाले. न्यूफाउंडलंडची ती टिंबे भरदिवसा ऐकिलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या फितीने एक शंका मिटविताना दुसरी किती वाढविली, ते दिसून येते.

त्यानंतरची वीस वर्षे मोठ्या कंपन्यांनी दीर्घलहरींवर भर दिला. लहर जितकी लांब तितकी ती दूर जाते, हा त्या काळचा सिद्धान्त. म्हणून कित्येक किलोमीटर लांबीच्या लहरी, गगनचुंबी मनोरे आणि कारखान्यांत शोभतील असली विद्युज्जनित्रे उभी राहिली. व्हॉल्व्हचा शोध लागला, त्याने दुर्बल संदेश हजारोपट मोठे होऊ लागले, आणि मग एक कटू सत्य ध्यानात आले. संदेश मोठा करावा तो खरखरही तितकीच मोठी होते. लहान एरियलऐवजी मोठे उभारावे, तर दोन्ही सारख्याच प्रमाणात अधिक येतात. उंच लहरींवर यंत्राची स्वतःची कुजबुज आड येते, तेथे मोठे एरियल उपयोगी पडते. दीर्घलहरींवर बाहेरचाच कोलाहल इतका की यंत्राची कुजबुज कोणाच्या खिजगणतीत नाही. तेथे प्रश्न आवाज किती मोठा येतो हा नसून, संदेश आणि खरखर यांचे प्रमाण काय, एवढाच असतो. आजही पुष्कळ हौशी मंडळी पैसे खर्चून मोठ्यात मोठा वर्धक आणतात आणि हिरमुसली होतात, ती हे न कळल्यामुळे.

आपल्याकडे हा प्रश्न जिव्हाळ्याचा होता. साम्राज्यातील देशांना बिनतारी साखळीने जोडण्याची जी योजना १९१३ साली करारापर्यंत आली, तीत हिंदुस्थानचे ठाणे पुण्यास योजिलेले होते. महायुद्धाने ती योजना मोडली. ती दीर्घलहरींवर पुरी झाली असती, तर वळवाच्या दिवसांत पुण्याच्या तारमास्तरांची काय त्रेधा उडाली असती, याची कल्पना सह्याद्रीवरील विजा पाहिलेल्यांना सहज येईल. अखेर १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी दळणवळण सुरू झाले ते लघुलहरींच्या झोतावर. पाठविण्याचे केंद्र खडकीस आणि घेण्याचे दौंडला, असे दोघांत मुद्दाम अंतर ठेविलेले होते. घरातच कोणी ओरडत असता दारावरची थाप ऐकू येत नाही, हे साधे तत्त्व त्यामागे होते.

आता खरखरीचा नायनाट केल्याच्या एका गाजलेल्या दाव्याकडे वळू. अमेरिकेतील मार्कोनी कंपनीचे मुख्य अभियंता रॉय वीगंट यांनी महायुद्ध संपता संपता जाहीर केले, की स्टॅटिकवर आपणांस उपाय सापडला आहे. १९१९ साली अमेरिकेतील रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी त्यावर मोठा निबंध वाचला. त्यांचे म्हणणे असे, की संदेशाची लहर जमिनीलगत आडवी धावत येते, पण स्टॅटिक वरून सरळ खाली पडते. तेव्हा काही मैलांच्या अंतरावर तारांची दोन प्रचंड वेटोळी उभारावी. वरून पडणारी खरखर दोन्हींत एकाच क्षणी येईल. आडवा संदेश एकात आधी व दुसऱ्यात नंतर येईल. दोहोंतील प्रवाह एकमेकांविरुद्ध जोडले, की खरखर खरखरीला मारील आणि संदेश उरेल. युक्ति सुंदर आहे, हे कोणीही मान्य करील. यंत्रानेही काही अंशी काम दिले. तथापि तिच्या मुळाशी असलेला समज चुकीचा होता. स्टॅटिक वरून पडत नाही. तेही दूरवरून, संदेशाप्रमाणेच, आडवेच येते. वीगंट यांची वेटोळी यशस्वी झाली, ती दिशा ओळखीत होती म्हणून. संदेश एका बाजूने व बरेचसे वादळ दुसऱ्या बाजूने येत असल्याने त्या बाजूकडे त्यांनी पाठ फिरविली, इतकेच. चुकीच्या उपपत्तीतून उपयोगी यंत्र निघाल्याची उदाहरणे शास्त्राच्या इतिहासात थोडी नाहीत. हे त्यांतले एक.

दिशेचे हे मर्म ज्याने उघड्या डोळ्यांनी ओळखले, तो हॅरल्ड बेव्हरेज. अमेरिकेच्या मेन संस्थानातील एका बेटावर १८९३ साली जन्मलेला हा अभियंता १९१९ व १९२० साली दीर्घलहरींच्या ग्रहणावर प्रयोग करीत होता. उंच मनोऱ्याच्या नादी न लागता त्याने खांबांवरून जमिनीपासून थोड्याशाच उंचीवर एक लांबलचक तार नेली. लहर जमिनीलगत धावताना किंचित पुढे कलते, कारण तिचे पाय मातीत रुततात. त्या कलण्यामुळे तारेत प्रवाह उत्पन्न होतो आणि तो लहरीबरोबर पुढे जाताना साठत जातो. पुढच्या टोकाला ग्राहकयंत्र असते. उलट बाजूने आलेली लहर मागच्या टोकाकडे साठत जाते. तेथे जर एक रोध जोडून तो जमिनीस दिला, तर ती त्याच्यात जिरून जाते, परत फिरत नाही. परिणाम असा, की एकाच दिशेचे ऐकू येते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हे वरदानच ठरले. कारण युरोपचे संदेश ईशान्येकडून येत आणि वादळांची खरखर बहुतांशी नैर्ऋत्येकडून. लाँग आयलंडवरील रिव्हरहेड येथे अशी सुमारे नऊ मैलांची तार बसविण्यात आली. या तारेत संदेश काही मोठा येत नाही, उलट उंच एरियलहून दुबळाच येतो. पण तो स्वच्छ असतो, आणि स्वच्छ संदेश हवा तितका मोठा करणे व्हॉल्व्हच्या हातचा मळ आहे.

या तारेची कसोटी हौशी लोकांनी घेतली, आणि तो प्रसंग मोठा नाट्यपूर्ण आहे. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटरांखालच्या लहरींवर हाकलून दिलेले होते. तो प्रदेश त्या वेळी निरुपयोगी समजला जाई. या निर्वासितांनी अटलांटिक ओलांडण्याचा चंग बांधिला. फेब्रुवारी १९२१ मध्ये पहिला प्रयत्न झाला, तो फसला. मग अमेरिकेतील हौशींच्या संघाने पॉल गॉडली नावाच्या आपल्यातल्याच निष्णात गृहस्थास ग्राहकयंत्रासह इंग्लंडला धाडले. त्याने प्रथम लंडनजवळ ऐकून पाहिले. तेथे व्यापारी केंद्रांचा व्यत्यय इतका, की धड काही ऐकू येईना. तेव्हा तो स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आर्ड्रॉसन गावी गेला. समुद्रकाठच्या एका ओल्या शेतात तंबू ठोकला, आणि अमेरिकेचा रोख धरून १३०० फूट लांबीची बेव्हरेज तार ओढली. २०० मीटरांच्या लहरीस ही लांबी सुमारे दोन लहरींइतकी होते. साक्षीदार म्हणून मार्कोनी कंपनीचा एक निरीक्षक सोबत होता. १९०१ च्या सिग्नल हिलवर जी उणीव राहिली, ती येथे राहू द्यावयाची नव्हती. डिसेंबरचा गारठा, पाऊस, वारा आणि रात्रभर कानाला लावलेले श्रवणयंत्र! दुसऱ्या आठवड्यात एकामागून एक अमेरिकन हौशी केंद्रे उमटू लागली. त्यांपैकी कनेक्टिकटमधील ग्रिनिच येथील 'वन बी सी जी' या केंद्राकडून आलेला अभिनंदनाचा पूर्ण संदेश त्याने उतरून घेतला. त्याखाली सहा नावे होती; त्यांतील एक एडविन आर्मस्ट्राँग. खरे सांगावयाचे तर त्याच रात्रींत काही इंग्रज हौशींनीही आपल्या घरच्या तारांवर अमेरिकन केंद्रे ऐकली होती. म्हणून सारे श्रेय त्या १३०० फूट तारेला देता येणार नाही. पण तंबूतील नोंद सलग होती, साक्षांकित होती, आणि तीविषयी वाद झाला नाही.

आर्मस्ट्राँग यांचे नाव निघाले आहे, तर त्यांची खरखरीशी झालेली झुंज ओझरती सांगून पुढे जातो. १९२८ साली टेलिफोन कंपनीचे गणिती जॉन कार्सन यांनी आकडेमोड करून असे प्रतिपादिले, की खरखर ही आपल्या नशिबी कायमचीच आहे, कोणत्याही युक्तीने ती नाहीशी व्हावयाची नाही. आर्मस्ट्राँग यांनी अगदी निराळी वाट धरली. संदेशास अरुंद पट्ट्यात कोंबण्याऐवजी त्यांनी त्याला ऐसपैस जागा दिली आणि १९३५ साली न्यूयॉर्क येथे एफएम पद्धतीचे जाहीर प्रात्यक्षिक केले. ऐकणाऱ्यांना खरखरीचा मागमूस लागला नाही. परंतु ही जागा आणावयाची कोठून? एफएमचे एक केंद्र दीडशेहून अधिक किलोहर्ट्झची रुंदी व्यापते, आणि दीर्घलहरींचा सारा मुलूखच एवढासा. म्हणून एफएम वर, अतिलघुलहरींवर राहिले. खाली खरखरीचे राज्य अबाधित राहिले.

त्या राज्यात हौशी मंडळी विसाव्या शतकाच्या अखेरीस परत गेली. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेने त्यांना १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा पट्टा दिला, आणि २०१२ च्या परिषदेने ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ हा दुसरा. पहिल्या पट्ट्यात लहरीची लांबी सुमारे २२०० मीटर, सर्व पट्ट्याची रुंदी २.१ किलोहर्ट्झ, म्हणजे एका माणसाच्या बोलण्यालाही अपुरी, आणि आकाशात सोडावयाची शक्ती फक्त एक वॉट. बेव्हरेजची तार येथे ओढू म्हटले तर दोन-चार किलोमीटर मोकळे रान पाहिजे. ते कोणाजवळ आहे? बहुतेकांजवळ असते ती घरामागची बाग किंवा इमारतीची गच्ची. म्हणून वीगंटचे वेटोळे लहान होऊन परत आले. हातभर रुंदीच्या चौकटीवर गुंडाळलेली तार आपल्या पातळीच्या दिशेने ऐकते आणि आपल्या अक्षाच्या दिशेस बहिरी असते. चौकट फिरवावी, आणि त्रासदायक आवाज जेथे मावळेल तेथे थांबावी. एकाच ठिकाणाहून येणाऱ्या आवाजावर हा उपाय अप्रतिम चालतो. सर्व दिशांनी येणाऱ्या खरखरीवर चालत नाही, हेही सांगितले पाहिजे.

आणि आता आवाज आकाशापेक्षा घरातूनच अधिक येतो. एकेकाळी ट्राम, पंखा व घंटीची ठिणगी एवढेच घरगुती शत्रू होते. आज प्रत्येक मोबाईलचा चार्जर, प्रत्येक एलईडी दिवा, गच्चीवरच्या सौरपट्ट्यांचे इन्व्हर्टर ही आपापल्या परीने लहानशी दीर्घलहर केंद्रेच आहेत. कारण त्यांच्या पोटातील प्रवाह सेकंदास हजारो वेळा चालू-बंद होत असतो. हा आवाज हवेतून थोडा आणि विजेच्या तारांवरून पुष्कळ येतो, आणि एरियलच्या केबलीच्या बाहेरील वेष्टनावरून मागच्या दाराने यंत्रात शिरतो. म्हणून जाणते लोक चौकट घरापासून शक्य तितकी दूर ठेवितात, तिला घराच्या अर्थिंगपासून अलग अशी स्वतंत्र जमीन देतात, मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर घालून दोहोंचा विद्युत्संबंध तोडतात आणि केबल फेराइटच्या कड्याभोवती गुंडाळतात. चोर कोण हे ओळखण्याची सर्वांत जुनी रीत अजूनही सर्वांत चांगली आहे. यंत्र बॅटरीवर चालवावे, घरातील मुख्य खटका बंद करावा आणि ऐकावे. खरखर थांबली तर दोष घरात. मग खटका लावून एकेक उपकरण बंद करीत जावे. या शोधात गृहिणीची शांतता भंगते, हे वेगळे.

इतके करूनही आकाशाची खरखर उरतेच. तिच्यावर हौशींनी जी युक्ति योजिली, तीत कार्सनचे गणित ते विसरले नव्हते. खरखरीची शक्ती पट्ट्याच्या रुंदीच्या प्रमाणात यंत्रात येते. बोलण्याला लागणारी २५०० हर्ट्झची खिडकी लोटून एक हर्ट्झची फट ठेविली, तर ती २५०० पटींनी घटते. पण अरुंद फटीतून घाईचा संदेश जाऊ शकत नाही. मग घाई सोडली. मोर्सचे एक टिंब साठ साठ सेकंद लांबविले. त्या गतीने मार्कोनींचे तीन टिंबांचे 'एस' पुरे व्हावयास पाच मिनिटे लागतात. हे कानाला कळत नाही, म्हणून संगणकाच्या पडद्यावर रेघेच्या रूपाने पाहावे लागते. ऐकण्याची विद्या अशी डोळ्यांच्या स्वाधीन झाली! मात्र फट अरुंद करण्यापूर्वीच विजेचे तीव्र आघात छाटून टाकावे लागतात, नाहीतर अरुंद चाळणी घंटेसारखी वाजत राहते आणि क्षणाचा कडकडाट लांबलचक होतो. जेम्स लँब यांनी हे तत्त्व १९३६ सालीच हौशींच्या मासिकातून मांडलेले होते. २००८ साली जोसेफ टेलर यांनी 'विस्पर' नावाची पद्धत दिली. तीत सुमारे ११० सेकंदांत फक्त ५० बिटांचा मजकूर जातो. पाठविणाऱ्याचे चिन्ह, ठिकाण आणि शक्ती, बस्स. कानाला खरखरीवाचून काहीच ऐकू येत नसता संगणक तो वाचून दाखवितो. टेलर हे १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ, आणि ते शास्त्र ज्या कार्ल जान्स्की यांच्यापासून सुरू झाले, ते १९३२ च्या सुमारास टेलिफोन कंपनीसाठी खरखरीचाच माग काढीत होते. विजांचा हिशेब लागल्यावर उरलेली एक मंद सळसळ त्यांना आकाशगंगेकडून येत असल्याचे आढळले.

ज्या पुण्यास दीर्घलहरींचे ठाणे व्हावयाचे होते व झाले नाही, तेथील उष्णदेशीय हवामान संस्थेत आज हीच खरखर मुद्दाम ऐकली जाते. देशभर ठेविलेली तिची ग्राहकयंत्रे एकाच विजेचा आघात निरनिराळ्या क्षणी टिपतात, त्या क्षणांच्या फरकावरून वीज कोठे पडली ते काढतात, आणि जवळ शेतात कोणी असेल तर 'दामिनी' नावाच्या मोबाईलवरील सूचनेने त्याला झाडाखालून दूर होण्यास सांगतात.